लोणारच्या काठावर

मुलांनो, मी जन्मभर मराठी शिकविले. कविता, व्याकरण आणि निबंध हा माझा प्रांत. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध आला तो वेळापत्रकात त्या तासाला जागा करून देण्यापुरताच. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि मोताळा तालुक्यातील आपल्या गावी येऊन राहिलो. तेव्हापासून संध्याकाळी माझ्या ओसरीवर मुले जमतात. परंतु त्यांच्या दप्तरांतून कवितेच्या पुस्तकाआधी विज्ञानाची वहीच बाहेर पडते. शाळेत सर्वांदेखत विचारावयाची लाज वाटते, आणि म्हाताऱ्यापुढे ती वाटत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

गेल्या हिवाळ्यात सातवीतील एक मुलगा असाच वही घेऊन आला. प्रश्न होता : एक मनुष्य वर्तुळाकार तळ्याभोवती एक फेरी पूर्ण करून निघाल्या जागी परत येतो, त्याची सरासरी चाल आणि सरासरी वेग काढा. मुलाने अंतराला वेळेने भागून चाल काढली होती आणि तोच आकडा वेगापुढेही लिहिला होता. पुस्तकाच्या शेवटी मात्र वेगाचे उत्तर ‘शून्य’ असे दिले होते.

“सर, हे छापण्यात चुकले आहे,” तो म्हणाला. “माणूस चालला, दमला, घरी आला, मग त्याचा वेग शून्य कसा?”

मी त्याला दोन्ही शब्दांच्या व्याख्या विचारल्या. त्याने त्या पाठ म्हणून दाखविल्या. एका अक्षराचीही चूक केली नाही. व्याख्या येत होत्या, उदाहरण येत नव्हते. बाकीची मुले हसली. त्याने वही मिटली आणि खाली मान घालून म्हटले, “आपल्याला विज्ञान यायचेच नाही, सर. बाबांना सांगून टाकतो.”

ते शब्द ऐकले आणि मला तीस वर्षांपूर्वीचा दुसरा एक मुलगा आठवला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. समानार्थी शब्दांच्या तासाला मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते : गती, चाल, वेग. भाषेच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. त्या वर्षीच्या परीक्षेत एका हुशार मुलाने विज्ञानाच्या पेपरात लिहिले, ‘चाल आणि वेग यांत फरक नाही’, आणि त्याचे गुण गेले. तो पेपर घेऊन माझ्याकडे आला. “सर, तुम्हीच सांगितले होते.” मी म्हणालो, “अरे, भाषेत आणि शास्त्रात फरक असतो,” आणि त्याला वर्गात पाठविले. तो फरक कोणता, हे मी त्याला सांगितले नाही; कारण तो मलाच ठाऊक नव्हता. ‘ठाऊक नाही, आपण दोघे मिळून पाहू’ एवढे म्हणावयाचेही मला सुचले नाही. पुढे तीन वर्षे तो माझ्या वर्गात होता. त्या तीन वर्षांत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

म्हणून निवृत्तीनंतर मी सहावीपासूनची विज्ञानाची पुस्तके आणून क्रमाने वाचली. वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. व्यवहारात आपण एका अर्थी वापरतो असे कित्येक शब्द शास्त्राने जोडीजोडीने उचलले आहेत आणि प्रत्येकाला वेगळे काम नेमून दिले आहे : अंतर आणि विस्थापन, चाल आणि वेग, वजन आणि वस्तुमान, उष्णता आणि तापमान. नुसत्या व्याख्या शेजारी शेजारी लिहून या जोड्या सुटत नाहीत. जुळ्या भावांना एकत्र उभे केले तर ओळखता येत नाही. एकाला हाक मारावी आणि कोण वळून पाहतो ते बघावे. तसेच येथेही, एक बदलते पण दुसरे बदलत नाही, अशी जागा शोधावी लागते.

त्या मुलाला मी म्हणालो, “विज्ञान येते की नाही ते आठ दिवसांनी बाबांना सांग. आधी रविवारी आपण एक वर्तुळाकार तळे पाहून येऊ.” आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारसारखे तळे असताना पुस्तकातल्या तळ्याची काळजी कशाला करावयाची?

रविवारी पहाटेच्या एस. टी.ने आम्ही अकरा जण निघालो. बुलढाण्याला चढताना राजूरचा घाट लागतो. वळणे सुरू होताच मुले एकमेकांच्या अंगावर कलू लागली आणि त्यांचा हशा सुरू झाला. मी त्या मुलाला चालकाच्या मागे उभे केले आणि वेगाच्या काट्यावर लक्ष ठेवावयास सांगितले. (त्याला सगळे वेगाचा काटा म्हणतात, खरे पाहता तो चालीचा काटा आहे.) काटा बराच वेळ तीसवर होता.

“काटा हलला का?”

“नाही, सर.”

“मग तुम्ही सगळे का कललात?”

तो विचारात पडला. “गाडी वळली म्हणून.”

“तीस किलोमीटर पूर्वेकडे आणि तीस किलोमीटर उत्तरेकडे या दोन गोष्टी तुझ्या शरीराला एकच वाटल्या नाहीत. चाल तीच राहिली, दिशा बदलली, म्हणून वेग बदलला. काट्याला ते कळले नाही, तुला कळले.”

तो काही बोलला नाही. पण पुढच्या वळणाला त्याने काट्याकडे आणि आपल्या पायांकडे आळीपाळीने पाहिले.

चिखली मागे पडली तेव्हा एका मुलीने आपली अडचण काढली. तिच्या वडिलांचा कापूस खामगावच्या बाजारात जातो. तिने विचारले, “सर, बाबा म्हणतात कापसाचे वजन पन्नास किलो भरले. पुस्तक म्हणते किलो हे वस्तुमानाचे एकक, वजनाचे नव्हे. बाबा चुकतात का?”

बाबा चुकत नाहीत. ते बाजाराची भाषा बोलतात आणि बाजारात ती पुरते. खामगाव चांदीसाठीही प्रसिद्ध आहे. तेव्हा मी चांदीचेच उदाहरण घेतले. एक किलो चांदी दोन पारड्यांच्या तराजूत तोलली. तो तराजू आणि ती मापे चंद्रावर नेली तरी पारडी समतोलच राहतील. कारण चांदी आणि माप दोन्हींची ओढ सारख्याच प्रमाणात कमी होते. चांदीतील द्रव्य तेवढेच आहे. ते तिचे वस्तुमान. परंतु तीच चांदी स्प्रिंगच्या काट्याला टांगली, तर चंद्रावर तो काटा येथल्यापेक्षा सुमारे सहावा हिस्साच दाखवील. कारण स्प्रिंग मोजते ती ओढ, म्हणजे वजन. पृथ्वीवर पन्नास किलोग्रॅमच्या गाठोड्याचे वजन सुमारे ४९० न्यूटन, तर चंद्रावर ८१ न्यूटनच्या आसपास भरेल.

“पण चंद्रावर कोण कापूस विकायला जातो?” मागून कोणीतरी म्हणाले.

प्रश्न थट्टेचा असला तरी योग्य होता. चंद्रावर जाण्याची गरजही नाही. पृथ्वीची ओढ ध्रुवांजवळ किंचित अधिक आणि विषुववृत्तावर किंचित कमी असते. ध्रुवावर खुणा करून घेतलेला स्प्रिंगचा काटा विषुववृत्तावर नेला, तर एक किलो चांदी तो सुमारे पाच ग्रॅमने कमी दाखवील. कोणी काटा मारला नाही, चांदीचा कणही कमी झाला नाही, तरी पाच ग्रॅमचा घाटा! ती मुलगी म्हणाली, “म्हणजे व्यापाऱ्याला वस्तुमान पाहिजे आणि स्प्रिंग त्याला वजन सांगते.” मला याहून चांगले सांगता आले नसते.

मेहकर, सुलतानपूर करीत आम्ही लोणारला पोचलो. विवराच्या काठावर उभे राहिले की बोलके मूलही क्षणभर गप्प होते. समोर सुमारे एक किलोमीटर आठशे मीटर रुंदीचा एक प्रचंड वाडगा, जवळजवळ दीडशे मीटर खोल. उतारावर झाडी, आणि तळाशी खारे, हिरवट पाणी. २०२० सालच्या जून महिन्यात हेच पाणी गुलाबी झाले होते आणि तळ्याचे नाव सर्वतोमुखी झाले होते.

आम्ही ईशान्येच्या बाजूने काठाकाठाने चालू लागलो. वाट सरळ नव्हती. कोठे दगड, कोठे काटेरी झुडपे. सव्वा तासाने बरोबर समोरच्या, नैर्ऋत्येच्या काठावर आलो तेव्हा मी सर्वांना बसविले आणि वह्या काढावयास सांगितल्या. व्यास १.८ किलोमीटर, २२/७ ने गुणले तर संपूर्ण परीघ सुमारे ५.६ किलोमीटर, म्हणजे आम्ही अर्धा, २.८ किलोमीटर चाललो होतो.

“आता असे समजा, की एक कावळा आपण निघालो तेथूनच सरळ येथे उडत आला. तो किती आला?”

“१.८ किलोमीटर, नैर्ऋत्येकडे.”

“आपण कावळ्यापेक्षा एक किलोमीटर अधिक चाललो, पण पोचलो तेथेच. आपल्या पायांनी कापले ते अंतर. कावळ्याने दाखविले ते आपले विस्थापन.”

आमचे हे मोजमाप चालले असता शेळ्या राखणारा एक वृद्ध जवळ येऊन उभा राहिला होता. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, “गुर्जी, तयं कुठं पयते का? कायले मोजता?” मुले खो खो हसली. मीही हसलो. खरेच, तळे कोठे पळून जाणार नव्हते. पण आमच्याजवळ वेळ थोडा होता.

उरलेल्या अर्ध्या फेरीत ऊन चढले. अडीच तासांनी आम्ही निघाल्या जागी येऊन टेकलो तेव्हा सर्वांचे पाय बोलत होते. मी त्या मुलाकडे पाहिले. त्याने स्वतःच वही काढली. अंतर ५.६ किलोमीटर, वेळ अडीच तास. सरासरी चाल ताशी सुमारे सव्वादोन किलोमीटर. मग तो थांबला. जेथून निघालो तो दगड त्याच्या शेजारीच होता. त्याने दगडावर हात ठेवला.

“सर, कावळा उडालाच नाही.”

“मग?”

“विस्थापन शून्य. म्हणून वेगही शून्य.” आणि मग जरा रागाने, “एवढे पाय दुखले, तरी!”

वहीतील खाडाखोड केलेल्या आकड्याच्या जागी त्याने शून्य लिहिले. पुस्तकात चुकीचे छापलेले नव्हते.

शिदोऱ्या सोडल्या. भाकरी खाता खाता विवराची गोष्ट निघाली. ही गोष्ट मला मोठी आवडते, कारण विद्वानांनाही येथे दोन गोष्टींतील फरक कळेनासा झाला होता. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली. ज्या काळ्या खडकात हे विवर आहे तो सर्व लाव्हारसाचा. मग हे ज्वालामुखीचेच तोंड असणार, असे अनेक अभ्यासकांना वाटत राहिले. ज्वालामुखीचे विवरही गोल असते आणि उल्का आदळून पडलेला खड्डाही गोलच असतो. नुसत्या गोलाईकडे पाहून निर्णय कसा व्हावा?

तेव्हा शास्त्रज्ञांनी तेच केले, जे आम्ही त्या दिवशी करीत होतो : एका ठिकाणी आढळेल आणि दुसऱ्या ठिकाणी आढळणार नाही अशी खूण शोधली. त्यांनी विवराच्या तळाशी भोके पाडून खालचे खडक वर काढले. ते खडक चुरडलेले, भंगलेले होते, आणि त्यांतील फेल्डस्पार या खनिजाचे कण आपला आकार न सोडता काचेसारखे झाले होते. अशा काचेला मास्केलिनाइट म्हणतात. नुसत्या ज्वालामुखीच्या उष्णतेने ती तयार होत नाही. तिला क्षणार्धात बसणारा भयंकर आघात लागतो. भारतीय आणि अमेरिकी संशोधकांचा यासंबंधीचा निबंध १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि लोणार हे काळ्या पाषाणातील उल्काघाती विवर म्हणून जगाला माहीत झाले. खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, परंतु विवर त्या मानाने अगदी अलीकडचे. नेमके वय कोणते यावर अद्याप एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. तुमच्यापैकी कोणी पुढे हा वाद मिटविला तर मला कळवा.

परतीची गाडी मिळेपर्यंत दुपार कलली. मेहकरच्या थांब्यावर धार लावणारा एक मनुष्य चाकावर विळा धरून बसला होता. ठिणग्यांचा फवारा त्याच्या उघड्या मनगटावर पडत होता आणि तो खुशाल गप्पा मारीत होता. शेजारच्या हॉटेलातील पोऱ्याने मात्र उकळत्या चहाचा थेंब हातावर पडताच किंकाळी फोडली. उष्णता आणि तापमान ही जोडी मी पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवली होती. ती आपणहून समोर आली. ठिणगीचे तापमान हजार अंशांच्या घरात, चहाचे शंभराहून कमी; परंतु ठिणगीचा जीव तो केवढा! एवढ्याशा कणात उष्णता साठणार किती? मुलांना यापुढे समजावून सांगावे लागले नाही. ठिणगी अंगावर घेऊन पाहण्याची परवानगी मात्र मी दिली नाही, कारण डोळ्यांना ती चहापेक्षा वाईट.

अंधार पडता पडता राजूरचा घाट पुन्हा आला. तो मुलगा आता माझ्या शेजारी बसला होता. इतका वेळ गप्प होता, एकाएकी म्हणाला, “सर, उल्का केवढी होती?”

“खड्ड्याच्या मानाने लहान. रुंदीने विवराचा अगदी थोडा अंश.”

“मग तिने एवढा खड्डा कसा पाडला? तिचा जोर जास्त होता, की या एस. टी.चा?”

जोर! इतका चांगला शब्द मराठीत दुसरा नाही, आणि शास्त्राच्या दृष्टीने इतका गोंधळाचाही नाही. मी त्याला म्हणालो, “मला आता सांगता येणार नाही. उद्या संध्याकाळी ये; आपण दोघे मिळून पाहू.”

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडण्याच्या आतच तो ओसरीवर हजर होता. हिशेब सोपा जावा म्हणून आम्ही एक किलोचाच दगड घेतला. वातावरणात शिरण्यापूर्वी तो सेकंदाला वीस किलोमीटर, म्हणजे ताशी ७२,००० किलोमीटर चालीने येत आहे असे मानले. दुसऱ्या बाजूला दहा हजार किलोची एस. टी., ताशी साठ किलोमीटर. दगडाची चाल बसच्या १,२०० पट. बसचे वस्तुमान दगडाच्या १०,००० पट.

गतिज ऊर्जा चालीच्या वर्गाप्रमाणे वाढते : चाल दुप्पट तर ऊर्जा चौपट, तिप्पट तर नऊपट. तेव्हा १,२०० चा वर्ग केला, १४,४०,०००; त्याला १०,००० ने भागले. उत्तर आले १४४. एका किलोच्या त्या दगडात भरधाव एस. टी.च्या १४४ पट ऊर्जा! मुलगा त्या आकड्याकडे पाहतच राहिला. असे लक्षावधी टन आदळल्यावर काळ्या पाषाणाचे काय झाले असेल, ते त्याने आदल्या दिवशी पाहिलेच होते.

“म्हणजे दगडाचा जोर जास्त.”

“थांब,” मी म्हणालो. “पुस्तकात आणखी एक शब्द आहे : संवेग. वस्तुमान गुणिले वेग. येथे वर्ग करावयाचा नाही. आता मोज.”

त्याने मोजले. बसचे वस्तुमान १०,००० पट, दगडाचा वेग १,२०० पट. म्हणजे संवेग बसचाच अधिक, आठपटींहून जास्त. त्याने हिशेब दोनदा तपासला.

“सर, ऊर्जेत दगड जिंकतो आणि संवेगात बस. मग जोर कोणाचा?”

मी उत्तर दिले नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग माझी पेन्सिल घेतली. वहीच्या कोऱ्या पानावर मध्यभागी त्याने ‘जोर’ असे लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. एकीखाली ‘ऊर्जा’, दुसरीखाली ‘संवेग’. क्षणभर थांबून त्याने तिसरी रेघ ओढली, आणि तिच्याखालची जागा रिकामी ठेवून विचारले, “सर, आणि बल?”